दोन दिवसांत परत केलेलं पुस्तक

जानेवारीत सोलापूरला थंडी पडते असं म्हणायची पद्धत आहे. वसतिगृहातल्या मुली सकाळी स्वेटर घालून निघतात आणि दहा वाजता तेच स्वेटर कमरेला बांधून वर्गात बसतात. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहिलेले असतात, त्यामुळे उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला रस्ता बंद असल्याचं कारण आयतं मिळतं. कुणाच्या तरी गावाकडून पिशवीभर हुरडा येतो. येईपर्यंत तो गार होतो, पण शेंगाचटणीबरोबर आम्ही मूठमूठ खातो आणि गरम असता तर किती छान लागला असता, हे प्रत्येक घासाला एकमेकींना सांगतो.

याच दिवसांत मराठी विभागाच्या फळ्यावर एक सूचना लागते. वर्षभरात काय वाचलंत ते सांगायला या. एक आवडलेलं पुस्तक, एक निराश करणारं पुस्तक. प्रत्येकाला पाच मिनिटं.

यंदा ती सूचना वाचताना माझे कान गरम झाले. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, तू बोलणार का? मी बोलणार असं म्हटलं. मग विचार करते असं म्हटलं. मग तिथून निघून आले.

मला गेल्या वर्षाबद्दल लिहायचं आहे. खरं तर एका मुलीबद्दल आणि एका पुस्तकाबद्दल. दोघींशी मी नीट वागले नाही. पुस्तकाला 'दोघींत' धरलं हे चुकीचं असेल, पण माझ्या मनात ते तसंच येतं.

आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचं पुस्तक. सांगोल्याकडचं आमचं गाव. वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं आहेत. आबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. मोठ्या भावाने दहावीनंतर आबांबरोबर मेंढरांमागे जायला सुरुवात केली. त्यामुळे कॉलेजची पायरी चढणारी मी घरातली पहिली. हे वाक्य मी इतक्या अर्जांमध्ये लिहिलं आहे की आता ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटतं.

अभ्यासाशिवाय वाचायचं म्हणजे काय, हे मला इथे आल्यावर कळलं, आणि तेही चुकीचं कळलं. पुस्तक हातात आलं की मी पहिल्या पानापासून सुरू करायची. पहिलं पान म्हणजे अगदी पहिलं. प्रकाशकाचा पत्ता, मुद्रकाचं नाव, कितवी आवृत्ती, सगळं. मग अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, प्रस्तावना. एकदा एका कवितासंग्रहाची प्रस्तावना मी तीन दिवस वाचत होते. आवडत नसलेलं पुस्तक मध्येच ठेवून देता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ताटात टाकायचं नाही, एवढं मात्र लहानपणापासून सांगितलेलं होतं. त्यामुळे मी सगळी पुस्तकं ताट पुसून खावं तशी संपवायची. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहायची, चांगले आहे. पहिल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या नोंदी पाहिल्या तर मराठीत वाईट पुस्तक कुणी लिहिलंच नाही असं वाटेल.

आणि सानिका होती.

सानिका माझ्याच वर्गात. सोलापूरचीच. तिचे आजोबा शिक्षक, वडील शिक्षक, आईसुद्धा शिकवणारी. ती चालताना वाचते. डबा खाताना वाचते. पानाचा कोपरा दुमडून ठेवते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पण माझा सगळ्यात जास्त जीव जळायचा तो तिच्या एका सवयीवर. कुठल्याही पुस्तकाचं नाव निघालं की ती सहज म्हणायची, "मी सोडलं ते. नाही जमलं." वाईट वाटल्याचं चिन्ह नाही, अपराधीपणा नाही. बसमधून मधल्या थांब्यावर उतरावं तसं.

मी तिच्या घरी एकदा गेले होते. भिंतीभर कपाट, काचेची दारं, आणि वरच्या कप्प्यातल्या पुस्तकांवर धूळ. तिच्या आईने मला उप्पीट दिलं आणि सांगितलं की लहानपणी सानिका पुस्तकावर डोकं ठेवून झोपायची, तिला उचलून गादीवर ठेवावं लागायचं. मी हसले. मला त्या धुळीचासुद्धा हेवा वाटला. इतकी पुस्तकं असावीत की काहींना हात लागायचाच राहून जावा. त्या दिवशी वसतिगृहात परत आल्यावर मी खोलीतली माझी दोन पुस्तकं खिडकीतून उचलून कॉटखालच्या पेटीत ठेवली. का ठेवली ते आजही नीट सांगता येणार नाही.

आमच्या ग्रंथालयात संगणक आला आहे, पण पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेला कागद अजून हाताने भरला जातो. नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. काउंटरवरचे मामा पद्मशाली आहेत. फोनवर घरच्यांशी तेलुगूत बोलता बोलता ते आमची नावं मराठीत इतक्या वळणदार अक्षरात लिहितात की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. तर या कागदांवर, मी घेईन त्या प्रत्येक पुस्तकात, माझ्या आधी सानिकाचं नाव असायचं. सुरुवातीला योगायोग वाटला. मग राग आला. मग मी मुद्दाम तिचं नाव असलेलीच पुस्तकं घ्यायला लागले. कपाटापाशी उभं राहून आधी शेवटचं पान उघडायचं, तिचं नाव दिसलं की पुस्तक काखेत. माझं वर्षभराचं वाचन हे असं तिच्या पावलांवर पाऊल ठेवत झालं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तारखांवरूनही मी हिशेब बांधायची. पंधरा दिवस ठेवलं म्हणजे अवघड असणार. एक महिना म्हणजे दंड भरून ठेवलंय, फारच आवडलेलं दिसतंय. आणि एका जुनाट, हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकात तिच्या नावापुढे फक्त दोन दिवसांचं अंतर होतं. दोन दिवसांत संपवलं! मला वाटलं, हे इतकं गुंतवून टाकणारं असेल की तिने जेवणखाण सोडून वाचलं असेल. मी ते दिवाळीच्या सुट्टीत गावी नेलं.

ते मेंढपाळांवरचं पुस्तक निघालं.

मला आधी लाजच वाटली. सुट्टीत शहरातून एवढं ओझं वाहून आणलं आणि त्यात काय, तर मेंढरं. पण तिसऱ्या पानावर बाजरी निघालेल्या रानात मेंढरं घुसल्यावर धाटांचा जो कडकड आवाज होतो, तो त्या लेखकाने लिहिला होता. मी पुस्तक मिटलं. हा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता, पण तो पुस्तकात असू शकतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. जणू कुणीतरी माझ्या घरात येऊन गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आबांसाठी भाकरी घेऊन रानात गेले, तेव्हा पुस्तक पिशवीत होतं. आबांनी विचारलं, परीक्षेचं हाय का? नाही म्हटलं, मेंढरांचं आहे. ते हसायला लागले. मेंढरांचं पुस्तक असतं यावर त्यांचा विश्वास बसेना. मग म्हणाले, वाच की. मी वाचत गेले. आबा बाभळीला टेकून ऐकत होते. एखाद्या ओळीला नुसतं "व्हय" म्हणायचे. दिवाळी होऊन गेली होती तरी दुपारचं ऊन चांगलंच तापत होतं. मी एका पानावर आले, तिथे लेखकाने दुपारचं वर्णन केलं होतं. उन्हाच्या वेळी मेंढ्या झाडांच्या सावलीत लांब लांब पसरून कशा निवांत बसतात, असं काहीतरी. फार सुंदर लिहिलं होतं.

"हे बरुबर न्हाय," आबा म्हणाले.

मी वर पाहिलं.

"आगं, दुपारच्याला मेंढरं आशी लांब लांब बसत्यात व्हय? समुर बघ की."

समोर आमची मेंढरं होती. मी लहानपणापासून पाहत आलेलं तेच दृश्य. सगळी एकमेकांना चिकटून उभी, प्रत्येकाने डोकं खाली घालून दुसऱ्याच्या पोटाखाली खुपसलेलं. वरून पाहिलं तर एकालाही तोंड नाही, नुसत्या पाठी.

"मेंढराला दुसऱ्याचीच सावली लागती," आबा म्हणाले. "झाड आसू दे न्हायतर नसू दे. ह्येनं मेंढरं एस्टीतनं बघितल्याली दिसत्यात."

मी इतकी हसले की पलीकडचा कुत्रा उठून उभा राहिला. आबाही हसत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी होतं. छापलेल्या पुस्तकातली चूक त्यांना सापडली होती. कागदावर अंगठा न देता सही करता येते, एवढ्यावर ज्या माणसाने शाळेचा विषय संपवला होता, त्याला. भाकरी खाताना ते दोनदा म्हणाले, कॉलेजात सांग हे. तुमच्या मास्तरास्नी सांग. मी सांगते म्हटलं. चार दुपारी आम्ही ते पुस्तक वाचलं. आई येऊन ओरडून गेली की बापलेकी रानात शाळा भरवून बसल्यात आणि मेंढरं दुसऱ्याच्या तुरीत शिरतील. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं वाचन आहे. हे आज लिहायला मला काहीच जड जात नाही.

गेल्या वर्षी बोलायला मात्र जड गेलं.

त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये सानिका समोर बसली होती. माझ्याकडे आवडतं पुस्तक होतं, पण निराश करणारं एकही नव्हतं. माझ्या वहीत सगळीच चांगली होती. मी जरा भीत भीतच तिला म्हटलं की ते हिरवं पुस्तक तू दोन दिवसांत संपवलंस ना, मीही वाचलं.

"ते?" सानिका म्हणाली. "वीस पानांवर सोडलं. मेंढ्या चरतात, बसतात, मग परत चरतात."

टेबलावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी का हसले, याचा विचार मी त्यानंतर किती वेळा केला असेल. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं, की तिच्याकडे निराशा होती आणि माझ्याकडे नव्हती. मला तिच्या आवडत्या पुस्तकांचा हेवा कधीच वाटला नाही. आवडणं मलाही येत होतं. नावडणं तिला येत होतं. नावडायला मागे काहीतरी असावं लागतं, भरलेलं कपाट, पुढचं पुस्तक हातात येणारच आहे याची खात्री. मला वाटलं, एखादं पुस्तक वाईट म्हणता आलं की मीही त्यांच्यातली होईन.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी उभी राहिले. आवडलेलं म्हणून शहरातल्या एका घटस्फोटाची कादंबरी सांगितली. ती सानिकाची लाडकी होती आणि मला अर्धीच कळली होती. मग म्हटलं, निराश करणारं पुस्तक हे. त्यात मेंढ्या चरतात, बसतात, मग परत चरतात. लोक हसले. विभागाच्या बाईंनीही हसून मान हलवली. मी खाली बसले तेव्हा पहिल्यांदा मला त्या सभागृहातली खुर्ची आपली वाटली.

सानिका हसली नव्हती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, की मला वाटलं होतं, तुला तरी ते आवडेल. मला तिचा भयंकर राग आला. मला काय आवडायला हवं हेसुद्धा हिला आधीच माहीत.

रविवारी आबांचा फोन आला. मेंढरं तेव्हा भीमेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात होती. त्यांनी आधी जेवणाचं विचारलं, मग विचारलं, बोललीस का आपल्या पुस्तकाचं? मी म्हटलं, बोलले. चूक सांगितलीस? सांगितली. मग काय म्हनले? टाळ्या वाजवल्या, असं मी म्हटलं. त्या दिवशी खोटं किती सहज येतं हे मला कळलं. टाळ्या वाजल्या होत्या हे खरंच होतं.

पुढे वर्षभर ते खोटं माझ्या आधी गावात पोचायचं. उन्हाळ्यात घरी गेले तर चुलते विचारायचे, आबानं चूक काडल्यालं पुस्तक कंचं गं? नात्यातल्या एका लग्नात एका आजोबांनी मला बोलावून घेतलं आणि चार पाहुण्यांसमोर विचारलं, की सोलापूरच्या कॉलेजात आमच्या पाहुण्याचं, तुझ्या आबाचं, नाव घेत्यात म्हनं, खरं का? आई त्यांना पाणी देत होती. मी व्हय म्हटलं. आबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, दुसरीकडेच बघत, पण कान इकडे. असं अवघडून, असं खुशीत उभं राहिलेलं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

तरी या वर्षात मी एक गोष्ट शिकले. जूनमध्ये मी एक जाडजूड, नाव झालेली कादंबरी घेतली होती. एकशे दहाव्या पानावर मला कळलं की यातल्या एकाही माणसाचं पुढे काय होतं हे जाणून घ्यायची मला इच्छा नाही. दोन दिवस ती उशाशी पडून होती. तिसऱ्या दिवशी मी ती परत करायला गेले. मामा विचारतील, एवढ्या लवकर? त्यासाठी मी एक उत्तरही तयार केलं होतं. मामांनी फोन खांद्यात धरून तारीख टाकली आणि पुस्तक मागच्या गठ्ठ्यावर ठेवलं. काहीसुद्धा विचारलं नाही. मी काउंटरपाशी थोडा वेळ उगीचच उभी राहिले.

त्या दिवसापासून वहीतल्या नोंदी बदलल्या. एका आत्मचरित्रापुढे मी लिहिलं आहे, हा माणूस स्वतःला फार माफ करतो. एका कथासंग्रहापुढे लिहिलं आहे, दुसरी कथा सोडून बाकी सगळ्या घाईत लिहिल्या आहेत. एका छोट्या प्रवासवर्णनाने मला चार दिवस झोपू दिलं नाही, त्याच्यापुढे नुसती एक रेघ आहे, कारण शब्द सुचले नाहीत. आता नावडायला येतं. पण ज्यासाठी ते शिकायचं होतं ती खुशी मात्र त्यात नाही.

यंदाची सूचना लागली त्याच दुपारी मी ते हिरवं पुस्तक आणायला गेले. ते बाहेर गेलेलं होतं. मामांनी संगणकात पाहून सांगितलं, सानिका घेऊन गेलीय, तीन आठवडे झाले.

ती आणि तीन आठवडे. मी पायऱ्यांवर बसून राहिले. वर्षभर माझ्या आत ते पुस्तक लपून बसलेलं होतं, आणि आता तेही तिच्या टेबलावर असणार, पानांचे कोपरे दुमडलेले.

कार्यक्रमात ती माझ्या आधी बोलली. म्हणाली, गेल्या वर्षी मी हे पुस्तक वीस पानांवर सोडलं होतं आणि कॅन्टीनमध्ये त्याची टिंगल केली होती. मग इथे कुणीतरी तेच वाक्य बोललं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार वाईट वाटलं, म्हणून यंदा ते पुन्हा वाचायला नेलं. हे माझं यंदाचं आवडतं पुस्तक. ती माझ्याकडे बघत नव्हती. मग तिने एक उतारा वाचून दाखवला. दुपारचा. झाडांच्या सावलीत लांब लांब पसरलेल्या मेंढ्यांचा. तिचा आवाज चांगला आहे. सगळे गप्प होऊन ऐकत होते.

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटत होता, नुसता हेवा. माझं पुस्तक, माझी दुपार, आणि तिने उचललं तेही नेमकं चुकलेलं पान. माझं नाव पुकारल्यावर मी उठले आणि कागद न बघता बोलले. म्हटलं, गेल्या वर्षी मी इथे खोटं बोलले. हे पुस्तक मला तेव्हाही सगळ्यांत आवडलं होतं. आणि आता सानिकाने वाचलं त्या पानाने मला निराश केलं, कारण ते चूक आहे. माझे वडील मेंढरं राखतात. त्यांनी ती चूक दाखवली. मग मेंढरं दुपारी कशी उभी राहतात ते सांगितलं. एस्टीचंही सांगितलं. लोक हसले, पण या वेळी मी त्यांच्याकडे पाहू शकत होते.

मी खरं बोलले. पण चांगल्या मनाने बोलले असं मला म्हणता येणार नाही. सानिकाचा चेहरा पडावा असं मला वाटत होतं. तिने तर वही काढली.

"एकमेकींच्या पोटाखाली?" तिने जागेवरूनच विचारलं.

"हो."

तिने ते लिहून घेतलं.

बाहेर पडल्या पडल्या मी फोन लावला. मेंढरं या वर्षी मोहोळच्या अलीकडे आहेत. आबांनी उचलला तेव्हा मागून भाऊ कुणाला तरी हाकारत होता. मी म्हटलं, आबा, मी आज कॉलेजात आपल्या पुस्तकाचं सांगितलं. तुमचं नाव घेऊन.

"परत?" आबा म्हणाले. "गेल्या साली सांगितलं व्हतंस की."

मग मला ते सांगावं लागलं. नव्हतं सांगितलं, आबा. मी दुसरंच काहीतरी बोलले होते. पुस्तक वाईट आहे असं बोलले होते. मला तो लग्नाचा मांडव आठवला, तो खांब.

"मंग गेल्या साली कुणाचं बोलनं बोललीस?" त्यांनी विचारलं.

मी सानिकाचं नाव सांगितलं. शिक्षकांची मुलगी आहे, खूप वाचते, आणि यंदा तिलाही ते पुस्तक आवडलं, तुम्ही सांगितलेलं तिने वहीत लिहून घेतलं, हेही सांगितलं. ते रागावले होते का, मला आवाजावरून कळेना.

"लिहून घेटलं?" ते म्हणाले. "मंग तिला घिऊन ये की एकदा हिकडं. दुपारच्या वक्ताला आण. डोळ्यानं बघू दे."

मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. बाभूळ, भाकरी, त्या चार दुपारी. तिथेही आता ती बसणार, आणि आबा तिला एकेक गोष्ट दाखवणार, आणि ती चांगलं ऐकणार, माझ्याहून चांगले प्रश्न विचारणार. मी म्हटलं, विचारते तिला.

याला आठ दिवस झाले. सानिका रोज भेटते. अजून विचारलेलं नाही.